बैठकीचे रूप पालटा, गावच्या हुन्नराला काम द्या

घराची सजावट हा पैसेवाल्यांचा शौक आहे, असा समज गावोगावी आढळतो. प्रत्यक्षात चित्र वेगळे आहे. घरात लग्न ठरले, ईद जवळ आली किंवा मुलीला पाहायला पाहुणे येणार असले, की हातावर पोट असणारे कुटुंबसुद्धा आधी बैठकीच्या खोलीकडे पाहते. भिंतींना रंग हवा असतो, पडदे जुने झालेले असतात, गाद्या दबलेल्या असतात आणि खुर्चीचा पाय हलत असतो. यावर खर्च होतोच होतो. तो पैसा कोणाच्या हाती जातो, हाच खरा प्रश्न आहे.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावाचा विचार करा. एक खोली सजवायला जे हात लागतात, ते अशा गावात किंवा शेजारच्या बाजारगावात सहज मिळतात. सुतार, गवंडी, पेंटर, शिंपी, बुरड, गादी भरणारे पिंजारी, कापडाचे दुकानदार. यांतील कितीतरी व्यवसायांत आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरीही ग्राहक शहरातल्या शोरूमकडे जातो आणि भुशाच्या पाट्यांचा सोफा व फोमची गादी हप्त्याने घेऊन येतो. दोन पावसाळ्यांत पाट्या फुगतात, पण हप्ते मात्र चालूच राहतात. ग्राहकाला गावच्या कारागिराचे वावडे नाही. तयार खोलीचे चित्र डोळ्यांपुढे उभे करून ‘हे मी करून देतो’ असे सांगणारा माणूस त्याला गावात भेटत नाही, एवढेच.

नमुना कोठे शोधावा?

हल्ली ग्राहक मोबाईलवर चित्र दाखवतो आणि ‘असेच करून द्या’ म्हणतो. ते चित्र बहुधा मोठ्या शहरातल्या उंच छताच्या, वातानुकूलित खोलीचे असते. आपल्याकडे छत बुटके, भिंत ओलसर आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणारा. तेथले प्लास्टरचे खोटे छत येथे लावले तर खोली आणखी बुटकी दिसते आणि छत गळू लागले की डाग पडून तुकडे सुटतात. म्हणून चित्रातले सामान उतरवू नये, त्यातली कल्पना तेवढी घ्यावी. उजेड कोठून येतो, बसण्याची जागा कशी मांडली आहे आणि रंग किती आहेत, या तीन गोष्टी पाहाव्यात. बाकीचे आपल्या हवामानाप्रमाणे ठरवावे.

याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यात उभा आहे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. १९४० मध्ये याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आदी निवास आणि बापू कुटी ही घरे माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांची आहेत. बापू कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधली गेली होती, गांधीजी त्यात नंतर राहायला आले. आत बसायला गादी आणि चटई, लिहायला बुटके मेज, वस्तू ठेवायला बांबूच्या फळ्या, भोवती ओसरी. मातीच्या भिंतीवर मीराबेननी ताडाची झाडे आणि चरखा यांची उठावाची चित्रे मातीनेच काढली आहेत. निर्जीव शोभेची वस्तू तेथे शोधूनही सापडत नाही. आजही ती खोली पाहून माणूस म्हणतो, येथे थोडा वेळ बसावे.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामच्या एका परिषदेत बोलले, तेव्हा त्यांनी याच कुटीवर भाषण केले. आजची बरीच घरे माणसांच्या सोयीपेक्षा सामानाच्या सुरक्षिततेसाठी बांधलेली असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खोली सजवणाऱ्या प्रत्येक कारागिराने हे लक्षात ठेवावे. निम्म्या बैठकींचे रूप काहीही विकत न घेता, केवळ अनावश्यक सामान बाहेर काढल्याने पालटते. ग्राहकाला हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याकडेच तो पुढच्या वेळी परत येतो.

वर्ध्यातच मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. ग्रामोद्योगाची अवजारे आणि वस्तू तेथे मांडलेल्या आहेत, नैसर्गिक रंगांच्या खादीचे कामही तेथे चालते. रंगसंगती शिकायची असेल तर शिंप्याने आणि पेंटरने एकदा तेथे जाऊन यावे. हळद, मंजिष्ठा, नीळ यांपासून आलेले रंग एकमेकांशेजारी कसे शोभतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुस्तकाची गरज उरत नाही.

नवी घरकुले, नवे गिऱ्हाईक

ग्रामीण भागात आज सर्वांत मोठे गिऱ्हाईक बंगल्यात नाही, घरकुलात आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठेवले आहे आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरली आहे. भिंती उभ्या राहिल्या, छत पडले, की बहुतेकांचा पैसा संपतो. मग एकाच खोलीत पलंग, कपाट, शिलाई मशीन, धान्याची कोठी आणि पाहुण्यांच्या खुर्च्या दाटीवाटीने येतात.

अशा खोलीत भिंतींचा उपयोग करावा. जमिनीपासून ७ फुटांवर चारही बाजूंनी फळी फिरवली तर पेट्या, अंथरुणे आणि क्वचित लागणारी भांडी वर जातात. दिवसा बैठक आणि रात्री अंथरूण होईल असा बुटका तख्तपोश एका भिंतीला लावावा, खाली दोन सरकते खोके द्यावेत. दारासमोर छताजवळ तार ताणून जाड पडदा सोडला की घरातील स्त्रियांसाठी आडोसा होतो, पाहुण्यांची बैठकही वेगळी दिसते. एक कोपरा रिकामा आणि स्वच्छ ठेवला, तेथे जानमाज अंथरण्यापुरती जागा आणि वर कुराण शरीफ ठेवण्यासाठी उंच फळी दिली, तर लहान घरालाही शिस्त येते. भिंतीवर सुबक अक्षरांची एकच चौकट पुरेशी असते, चार ठिकाणी चार तसबिरी नकोत.

भिंत आणि छत

सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फरक पडतो तो चुन्याने. पण चुना देणे हेही हुन्नराचे काम आहे. कळीचा चुना पाण्यात विझवून किमान रात्रभर मुरू द्यावा, फडक्यातून गाळावा, पकडीसाठी त्यात डिंक किंवा सरस घालावा आणि पांढरेपणासाठी किंचित नीळ टाकावी. भिंत आधी ओली करावी. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. चुना विझवताना आणि छताला लावताना डोळ्यांवर चष्मा हवाच, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर इजा होते.

चुन्यात गेरू किंवा पिवळी माती मिसळली तर तांबूस आणि पिवळसर छटा मिळतात. मातीचे हे रंग चुन्यात टिकतात, इतर बरेच रंग उडतात. लहान खोलीत छत आणि तीन भिंती फिक्या ठेवून एकच भिंत गडद करावी. ती भिंत खिडकीसमोरची असली तर तिच्यावर उजेड पडून खोली खुलते. मातीच्या भिंतीला किंवा ओल असलेल्या भिंतीला ऑइलपेंट देऊ नये, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पोपडे सुटतात. जुन्या चुन्यावर डिस्टेंपर द्यायचा असेल तर चुना आधी पूर्ण खरवडून काढावा. हे काम टाळणाऱ्या पेंटरचे नाव पुढच्या पावसाळ्यात खराब होते.

स्लॅबवर बाहेरून दर मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर ऊन परतते आणि खोलीतला उकाडा जाणवण्याइतका कमी होतो. पत्र्याच्या छताखाली बुरडाकडून विणून घेतलेले बांबूचे तट्टे बसवले की डोक्यावरची झळ थांबते आणि खोलीही सुंदर दिसते. मात्र तट्टे विजेच्या तारांपासून व चुलीपासून दूर असावेत.

कापड आणि कापूस

हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून देशावरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. त्याच भागातील घरात फोमची गादी यावी, हे व्यापाराच्या दृष्टीनेही नवलाचे आहे. कापसाची गादी दबते, कारण तंतू एकमेकांत गुंतून चपटे होतात. पिंजले की ते सुटे होतात, त्यांच्यात हवा शिरते आणि तोच कापूस पुन्हा फुलतो. फोम एकदा बसला की फेकावाच लागतो. हे साधे कारण पिंजाऱ्याने ग्राहकाला समजावून सांगितले पाहिजे. जुनी गादी घेताना आणि भरून देताना कापूस ग्राहकासमोर तोलावा. ‘कापूस कमी केला’ हा जुना संशय त्यामुळे मिटतो. गादीबरोबर त्याच कापडाचे दोन लोड आणि चार तक्के शिवून दिले, तर गादी नुसती दुरुस्त होत नाही, पूर्ण बैठक तयार होते. मिळकतही वाढते.

पडद्याचा हिशेब शिंप्याने तोंडपाठ ठेवावा. खिडकी ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच असेल तर चुण्यांसाठी दुप्पट रुंदी लागते, म्हणजे ८ फूट. ४८ इंच पन्ह्याचे कापड घेतले तर दोन पाट पुरतात. दुमड आणि लांबी धरून प्रत्येक पाट ५ फुटांचा, एकूण १० फूट. कापड आटते ते धरून सव्वातीन मीटर घ्यावे. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावे.

लाकूड आणि बांबू

सुताराने जुन्या सामानाकडे दुर्लक्ष करू नये. जुन्या घराच्या मोडकळीस आलेल्या सागवानी चौकटी व दारे यांतून फळी, आरशाची चौकट किंवा बुटके मेज निघते. मुरलेले लाकूड वाकत नाही आणि ग्राहकाला आजोबांच्या घराची आठवणही राहते. बांबूच्या बाबतीत २०१७ मध्ये मोठा बदल झाला. भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढवलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथे राज्य शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बुरडाचा आणि सुताराचा मुलगा तेथून शिकून आला तर एकाच घरात दोन धंदे जोडले जातील.

दर ठरवताना

‘खोलीचे किती घेणार?’ या प्रश्नाला अंदाजे आकडा सांगण्याची सवय सोडली पाहिजे. उदाहरण घ्या. खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. चार भिंतींचा घेर ४४ फूट, म्हणून भिंती ४४० चौरस फूट. ३ बाय ७ चे दार आणि ४ बाय ४ ची खिडकी मिळून ३७ वजा केले की ४०३ उरतात. छत १२० चौरस फूट. एकूण ५२३. आता रंग, मजुरी आणि नफा वेगवेगळा लिहून कागद ग्राहकाच्या हाती द्यावा. त्यावर काम संपण्याची तारीख, आगाऊ रक्कम आणि उरलेली रक्कम देण्याची अटही असावी. लेखी व्यवहाराने भांडण टळते. शहरातल्या दुकानदाराकडे ग्राहक जातो तो बऱ्याचदा या पावतीच्या विश्वासावरच.

चौघे मिळून एक काम

एकट्या पेंटरला भिंतीचेच पैसे मिळतात. पेंटर, सुतार, शिंपी आणि पिंजारी एकत्र आले तर ते पूर्ण बैठक विकू शकतात. ग्राहकाशी एकानेच बोलावे, दर आधी आपसात ठरवावेत, प्रत्येकाचा वाटा लिहून ठेवावा. पहिली खोली चौघांपैकी एकाच्या घरी किंवा दुकानात तयार करावी. काम सुरू होण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे चित्र मोबाईलमध्ये ठेवावे. पुढच्या ग्राहकाला परक्या शहराचे चित्र दाखवण्यापेक्षा गावातलीच खोली दाखवता येईल.

अवजारांसाठी सरकारी मदतीची वाटही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचा राष्ट्रीय वर्षपूर्ती कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला होता. योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, गवंडी, शिंपी आणि टोपली-चटई विणणारे यांचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. कर्जाचा पहिला टप्पा १ लाखाचा व दुसरा २ लाखांचा असून व्याजदर ५ टक्के आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही, त्यांनी कर्ज न घेता केवळ प्रशिक्षणाचा आणि अवजारांचा लाभ घ्यावा. नोंदणी गावातील सेवा केंद्रातून होते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, म्हणून कोणाचे नाव द्यायचे हे घरात आधी ठरवावे. पेंटर आणि पिंजारी यांचा या १८ व्यवसायांत समावेश नाही. एकत्र काम करण्याचे हे आणखी एक कारण समजावे.

लग्नसराई आणि ईद यांच्या दीड-दोन महिने आधी लोक घराचा विचार करू लागतात. त्याच वेळी कारागिरांनी मोजपट्टी, कापडाचे नमुने आणि दराचा कागद घेऊन ओळखीच्या घरी जावे. ग्राहकाने कर्ज काढून सोफा आणण्यापूर्वी त्याला सांगावे, की तुमची आहे तीच खोली, आहे तीच गादी आणि आहे तेच लाकूड यातून आम्ही चांगली बैठक करून देतो. असे बोलणे खरे करून दाखवणाऱ्या कारागिराला कामासाठी शहराची वाट धरावी लागणार नाही.