खिडक्या व गृहरचना
घरातील खोल्यांची मांडणी ठरवितानाच खिडक्यांच्या जागा निश्चित कराव्या लागतात; कारण प्रकाश, वायुवीजन, उष्णता व भिंतींचे बल ही त्यांवर अवलंबून असतात. बीड जिल्ह्यातील सिंदफणाकाठचे शिरूर कासार सु. १९° उत्तर अक्षांशावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांच्या जाड दगडमातीच्या बाह्य भिंतींत खिडक्या क्वचितच असत. चौकातून व माळवदातील सवण्यातून उजेड येई, धूरही सवण्यातूनच बाहेर जाई. घर थंड व सुरक्षित राही. परंतु आतील खोल्या अंधाऱ्या व कोंदट असत.

नव्या घरात दक्षिणेकडील ऊन छज्जाने रोखता येते. कारण डिसेंबरातही तेथे सूर्य मध्यान्ही सु. ४७° उंचीवर असतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून आत शिरते. म्हणून त्या बाजूस कोठार, स्नानगृह किंवा जिना योजून खिडक्या लहान ठेवतात. पावसाळी वारे मुख्यतः तिकडूनच येत असल्याने ती बाजू पूर्णपणे बंद करणे इष्ट नसते. हवा खेळती राहण्यास समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असाव्यात.

३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. भिंतीतील प्रत्येक खिडकीमुळे तिचे बल घटते. यास्तव खिडकी कोपऱ्यापासून दूर व शक्यतो लहान ठेवून तिच्या माथ्याशी सर्व भिंतींना बांधणारा सलोह काँक्रीटचा अखंड पट्टा घालणे आवश्यक ठरते.