पंचगंगेची पायरी कोणाची?

आपली कोजागरी झाली की काशीचा कार्तिक लागतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. त्या संध्याकाळपासून पंचगंगा घाटावर आकाशदीप चढतात. लांब बांबू, त्याच्या टोकाला लहानसे चाक, चाकावरून खाली आलेली दोरी आणि दोरीला बांधलेली वेताची पिटारी. पिटारीत पणती ठेवायची आणि दोरी हळूहळू ओढायची. ज्योत विझू न देता ती वर नेणे हे हाताचे कसब आहे. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर हा क्रम चालतो.

मी हे पहिल्यांदा पाहिले 1979 साली. नगररचनेची पदवी ताजी होती आणि पिशवीत मोजपट्टी होती. आदल्या वर्षीच्या महापुरात वाराणसीला गंगेने 73.901 मीटरची पातळी गाठली होती. धोक्याची पातळी 71.262 मीटर. दुर्गा घाटाच्या वरच्या अंगाला एका मराठी घरी उतरलो होतो. घरातल्या आजींनी भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. म्हणाल्या, "इथवर आली होती हो गंगाबाई. पाणी जातं, गाळ राहतो. ओला आहे तोवर धुवावा, वाळला की कुदळीलाही ऐकत नाही." मी वहीत भिंतीवरच्या रेघेची उंची लिहिली, गाळाचे लिहिले नाही. पुढे तीस-बत्तीस वर्षे शहरांचे आराखडे केले, तेव्हा कळले की आजींनी सांगितले तेच आमच्या शास्त्राचे पहिले कलम आहे.

काशीच्या नागरी कारभाराचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण त्यात नावे बदलली, वृत्ती फारशी बदलली नाही. टांकसाळीचा अधिकारी म्हणून 1820 मध्ये आलेल्या जेम्स प्रिन्सेपने शहराचा नकाशा केला, शिरगणती केली, दलदलीच्या तळ्यांचे पाणी बोगद्याने नदीला काढून दिले. पंचगंगेवरच्या आलमगीर मशिदीच्या मिनारांची डागडुजीही त्यानेच केली. औरंगजेबाच्या काळात पाडलेल्या बिंदुमाधवाच्या देवळाच्या जागी ही मशीद उभी राहिली, म्हणून लोक त्या मिनारांना 'माधवराव का धरहरा' म्हणत. 1948 मध्ये एक मिनार कोसळला, दुसरा पुढे धोक्याचा म्हणून उतरवला. त्यानंतर नगरपालिका, 1959 च्या कायद्याने महापालिका, 1970 च्या दशकात विकास प्राधिकरण, जल निगम, जल संस्थान. दर दशकात एक नवी पाटी लागली आणि जुनीचे एक काम गेले.

आता पंचगंगेच्या एका पायरीवर उभे राहा. मशीद पुरातत्त्व खात्याकडे. वरच्या घराला परवानगी द्यायची ती विकास प्राधिकरणाने. पायरी झाडायची नगर निगमाने. पायरीखालून जाणारे मैलापाणी जल निगम आणि जलकल विभागाचे. समोरचे पात्र राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1. दिवे, फलक, कॅमेरे यांसाठी स्मार्ट सिटीची कंपनी. प्रत्येकाकडे आपापला नकाशा आहे. पायरी संपूर्ण दिसेल असा नकाशा एकाकडेही नाही. माझे सगळे म्हणणे इथेच आहे. आपल्या शहरांत बांधणाऱ्यांची वाण नाही. राखणारा कोण, हे ठरलेले नाही.

गंगा कृती योजना हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. 14 जून 1986 रोजी राजीव गांधींनी काशीच्या घाटावरून ती सुरू केली. दीनापूरला रोज 8 कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र झाले, घाटाच्या कडेने पंपघरे झाली. पंपाला वीज लागते आणि त्या काळी काशीत वीज तासन् तास जाई. वीज गेली की मैलापाणी नदीला. पूर आला की पंपघरेच बंद. संकटमोचनाचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले वीरभद्र मिश्र हे वर्षानुवर्षे सांगत राहिले. त्यांचा पर्याय साधा होता: काठाने मोठी वाहिनी टाका, उताराने पाणी शहराबाहेर न्या, तळ्यांच्या मालिकेत सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जिवाणूंकडून ते शुद्ध करून घ्या. नगर निगमाने त्या योजनेच्या बाजूने कौल दिला. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झालेली होती, बाराव्या परिशिष्टात 18 विषय नगरपालिकांसाठी लिहिलेले होते. तरी शहराच्या सभागृहाचा शब्द लखनौच्या खात्यांपुढे चालला नाही. मिश्रजी 2013 मध्ये गेले.

नंतर पैसा आला, हे मान्यच केले पाहिजे. दीनापूरला रोज 14 कोटी लिटरचे नवे केंद्र, गोइठहांला 12 कोटींचे, रमन्याला 5 कोटींचे. विजेची स्थितीही सुधारली. रमन्याच्या करारात तर बांधणाऱ्यावरच पंधरा वर्षे केंद्र चालवण्याची जबाबदारी टाकली आहे. मी ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर भांडलो ती करारात उतरलेली पाहून मला समाधान वाटले. मात्र लोकनियुक्त सभागृहाचा त्यातला वाटा अजूनही किरकोळ आहे.

बाकीचे प्रवाह भराभर सांगतो. 2014 मध्ये क्योतोशी भागीदारीचा करार झाला. 2016 च्या सप्टेंबरात काशी स्मार्ट सिटीच्या यादीत आली, त्याच यादीत नाशिक, नागपूर, ठाणेही होते. कँट स्थानक ते गोदौलिया रोपवेची 2023 मध्ये पायाभरणी झाली. शहराची हद्द वाढून प्रभाग शंभर झाले. पलीकडच्या वाळूत 2021 मध्ये कालवा खणला, तो त्याच पावसाळ्यात नदीने भरून टाकला. आणि 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. त्यासाठी तीनशेच्या वर मिळकती घेतल्या, मंदिरापासून ललिता घाटापर्यंत मोकळी जागा झाली. गर्दीला श्वास मिळाला, वृद्धांची सोय झाली. त्याच वेळी पक्का महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या, त्यांतली देवळे आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे एकदम उठली. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही नोंदवले पाहिजे.

आमच्याच व्यवसायातली काही मंडळी परिसंवादांतून सांगतात की घाट म्हणजे नदीकाठचा विहारपथ, फक्त जुना. आता तो नव्याने बांधला की झाले. हे मला कधीच पटले नाही. अनंत सदाशिव आळतेकरांनी 1937 च्या आपल्या काशीच्या इतिहासात आजची काशी बहुतांशी मराठ्यांनी घडवली असे मांडले, त्याला या पायऱ्या साक्षी आहेत. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट नारायण दीक्षित पाटणकरांचे, भोसले घाट नागपूरकरांचा, मुन्शी घाट त्यांच्याच दिवाणाचा, शिंदे घाट बायजाबाईंचा. पंचगंगेच्या घाटाला अहिल्याबाईंचा हात लागला, बिंदुमाधव औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या घरात बसला. या लोकांना नदी ठाऊक होती. चुनारचा दगड, उंच टप्पे, मधूनमधून पाण्यात पुढे आलेल्या मढ्या. पंचगंगेवर पायऱ्यांच्या पोटात नदीकडे उघड्या असलेल्या कोठड्या पाहा. पावसाळ्यात त्या पूर्ण बुडतात, पाणी ओसरले की साधक पुन्हा येऊन बसतात. तिथे नदीला आत येऊ देऊन काम केले आहे. आणि चुकले तर नदीने दाखवलेही: 1830 च्या सुमाराचा शिंदे घाट स्वतःच्या भाराने खचला, त्याची डागडुजी शंभर वर्षांनी शिंद्यांच्याच घराण्याने केली. बांधणारे घराणे दुरुस्तीलाही बांधलेले होते. अहिल्याबाईंनी देवळे उभारली तेव्हा त्यांच्या पूजेअर्चेसाठी खासगीतून नेमणुकाही लावून दिल्या. संस्थाने विलीन झाली तेव्हा ही जबाबदारी तितक्याच नेटाने उचलणारा कोणी पुढे आला नाही.

घाट धुण्याचे काम मी नंतरही अनेकदा पाहिले. भाद्रपद-आश्विनात पाणी रोज एक-दोन पायऱ्या उतरते. नावेवर किंवा घाटावर पंप, जाड पाइप, तिघे-चौघे पाइप धरून उभे. एक जण फावड्याने गाळ सैल करतो, दुसरा पाण्याच्या माऱ्याने तो पुन्हा नदीत लोटतो. पाणी उतरेल तसे खाली सरकायचे. एक आठवडा खाडा झाला की उन्हाने गाळाला भेगा पडतात, मग तो खणूनच काढावा लागतो. हे काम रोजचे आहे, त्याच जागेवरचे आहे. त्याचा निर्णय दूरच्या कार्यालयात निविदा उघडेपर्यंत थांबू शकत नाही. म्हणून देखभालीचा पैसा आणि अधिकार प्रभागाच्या हातात हवा, हे मी पस्तीस वर्षे लिहितो आहे. एका शहरात, माझ्या नोकरीच्या काळात, मी आराखड्याला देखभालीचे एक स्वतंत्र प्रकरण जोडले होते. छापताना पाने वाढतात म्हणून ते वगळले गेले. ते प्रकरण अजून माझ्याकडे आहे.

महाराष्ट्राने काशीकडे बोट दाखवावे अशी आपली स्थिती नाही. मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकांनी कारभार केला. अंदाजपत्रके आली, नदीकाठचे प्रकल्प पुढे सरकले, पण प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हता. पूर्वी आमच्या सभागृहांत एका गटारासाठी दोन-दोन तास भांडणे होत. तेव्हा मला त्यांचा कंटाळा येई. आज वाटते, ते भांडण म्हणजेच शहराची जाग होती. नाशिककर गोदापात्रातले काँक्रीट काढा म्हणून वर्षे झगडले, पुण्याचे लोक मुळा-मुठेच्या काठासाठी रस्त्यावर उतरले. सभागृहाने जे काम करायचे ते नागरिकांना न्यायालयात जाऊन करावे लागते.

पंचगंगेवर एक दगडी दीपस्तंभ आहे. अहिल्याबाईंचा म्हणतात, लोक त्याला हजारा म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेला त्याच्या हजारभर खोबणींत पणत्या लावतात. आज लाखो दिव्यांनी सारे घाट उजळतात त्या देवदीपावलीचे नवे रूप 1980 च्या दशकाच्या मध्याला याच घाटावर सुरू झाले, परिसरातल्या लोकांनी तेल-वात गोळा करून. त्याच पौर्णिमेला, शके 1495 मध्ये, संत एकनाथांनी आपली भागवतावरची टीका काशीत पूर्ण केली. ही पायरी आपलीही आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थासाठी 2025 मध्ये वेगळे प्राधिकरण झाले, गोदावरीवर नवे घाट मंजूर झाले. तुमच्या गावातही काही ना काही बांधले जात असेल. प्रभागाच्या बैठकीला जा, नगरसेवकाला आणि अधिकाऱ्याला एकच विचारा: उद्घाटनानंतरच्या दहा वर्षांत हे धुणार कोण, आणि त्याचा पैसा अंदाजपत्रकाच्या कोणत्या पानावर आहे? ते पान दाखवेपर्यंत उठू नका.