अंगणातील कॅराव्हॅन आणि घरातील वीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटार कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेले वाहन, महाराष्ट्रात अद्याप विरळ असले, तरी राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखल्यापासून ते लोकांच्या ओळखीचे होऊ लागले आहे. अशा वाहनांसाठी वीज-पाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क असावेत, अशी त्या धोरणाची कल्पना आहे; परंतु असे पार्क जवळ नसले, म्हणजे अजिंठ्याला जाताना जळगावात, पाटणादेवीसाठी चाळीसगावात किंवा तोरणमाळच्या वाटेवर धुळ्यात मुक्काम पडतो तो एखाद्या नातेवाइकाच्या अंगणात किंवा मळ्यातील घरासमोर, आणि गाडीला वीज मिळते ती घरातल्या बोर्डातून. आषाढीसाठी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबरच्या दिंड्यांमधील जी वाहने मुक्कामी एखाद्या घरातून वायर ओढून दिवे लावतात, त्यांनाही पुढील विवेचन तितकेच लागू पडते.

या विषयातील पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज असा की प्लग सॉकेटमध्ये बसला म्हणजे ती जागा तेवढ्या भाराला योग्यच आहे. भारतीय घरांत दोन मापांची तीन पिनांची सॉकेट असतात. लहान सॉकेट ६ अँपिअरचे, मोठे १६ अँपिअरचे. २३० व्होल्टच्या दाबाला पहिल्यातून सुमारे १,३८० वॅट आणि दुसऱ्यातून सुमारे ३,६८० वॅट घेता येतात. दीड टनाचा एसी साधारण १,६०० वॅट, बॅटरी चार्जर ६०० आणि फ्रिज १५० वॅट घेतो असे धरले, तर या तिघांचा मिळून प्रवाह १० अँपिअरच्या घरात जातो, म्हणजे लहान सॉकेटची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते; त्यात १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी चालू केली की तो १८ अँपिअरवर पोहोचतो आणि मोठे सॉकेटही अपुरे पडते. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारा जो कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतो, तो केवळ पिनांची अडचण दूर करतो, वायरची जाडी वाढवत नाही. शिवाय मोठे सॉकेट दिसले तरी खात्री बाळगता येत नाही, कारण १६ अँपिअरच्या जोडणीमागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अपेक्षित असताना दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवरच नंतर मोठे सॉकेट बसवून घेतलेले असू शकते.

सॉकेट स्वतःही जवळून पाहावे लागते. वर्षानुवर्षे वापरलेल्या सॉकेटमधील पितळी पट्ट्या सैल होतात, पिन आत हलते आणि जेथे ती पट्टीला निसटती टेकते तेथे विद्युतरोध वाढतो. हा रोध ०.२ ओहम इतका अल्प असला आणि प्रवाह १४ अँपिअर असला, तर त्या एका बिंदूवर सुमारे ३९ वॅट उष्णता तयार होते. झाळकामाची छोटी तापती सळई (सोल्डरिंग आयर्न) रात्रभर भिंतीत खुपसून ठेवावी, असाच तो प्रकार होय. छिद्राभोवती पिवळसर-तपकिरी डाग, किंचित वितळलेली कड, जळकट वास किंवा पिनेवरचा काळा थर यांपैकी काहीही आढळले, तर त्या सॉकेटवरून कॅराव्हॅन चालवू नये. मिक्सर किंवा इस्त्री त्यावर बिनतक्रार चालते, हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण ती उपकरणे काही मिनिटे चालतात आणि कॅराव्हॅनचा एसी आठ-दहा तास अखंड चालतो.

एक्स्टेंशनबाबतही असेच घडते. लांबी पुरली की काम झाले, असे मानले जाते. वस्तुतः लांबीबरोबर रोध वाढतो. १ चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर वायरमधून १४ अँपिअर नेले, तर जाण्यायेण्याच्या ६० मीटर तांब्यात जवळपास १६ व्होल्ट गळतात आणि २३० वॅटच्या आसपास उष्णता वायरमध्येच निर्माण होते, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच आकडे ७ व्होल्ट आणि ९४ वॅट इतके खाली येतात. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते, पण रीळ पूर्ण न उलगडता उरलेले वेटोळे तसेच ठेवले तर ती आतच कोंडते आणि आवरण मऊ पडू लागते. खान्देशात हा धोका अधिक गंभीर ठरतो. साध्या पीव्हीसी आवरणाच्या वायरीतील तांब्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसपलीकडे जाऊ देऊ नये असा दंडक आहे, आणि हवेत मांडलेल्या वायरींच्या प्रवाहक्षमतेचे आपल्याकडील तक्ते सहसा ४० अंशांची हवा गृहीत धरून केलेले असतात. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा ३० अंशांची मोकळीक २५ अंशांवर येते, आणि वायरीची क्षमता सुमारे दहा टक्क्यांनी घटते. उन्हात पडलेल्या काळ्या वायरीची स्थिती याहूनही वाईट असते.

संध्याकाळी दाब उतरला की धोकाही उतरतो, ही समजूत सरसकट खरी नाही. इन्व्हर्टर पद्धतीचा एसी आपली शक्ती टिकवून धरतो, त्यामुळे १,५०० वॅटसाठी २३० व्होल्टला जेथे साडेसहा अँपिअर पुरतात, तेथे १८० व्होल्टला सव्वाआठहून अधिक लागतात आणि वायर अधिक तापते.

‘एमसीबी आहे, म्हणजे माणूस सुरक्षित आहे’ हा गैरसमज मात्र प्राणघातक आहे. एमसीबी, म्हणजे मर्यादेबाहेर प्रवाह गेल्यास आपोआप पडणारी कळ, वायरीच्या रक्षणासाठी असते. १६ अँपिअरची एमसीबी सुमारे १८ अँपिअरपर्यंत तासभर न पडता राहू शकते आणि २३ अँपिअरला तासाभराच्या आत पडते. उलट माणसाच्या शरीरातून गेलेले ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन भाग, जिवावर बेतू शकतात, आणि एवढा सूक्ष्म प्रवाह एमसीबीला कळतच नाही. तो ओळखते आरसीसीबी, जिला बोलीत सर्रास ईएलसीबी म्हटले जाते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते आणि फरक ३० मिलिअँपिअरवर पोहोचताच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडते. तिलाही मर्यादा आहेत: वायर जास्त तापली तर ती पडत नाही, आणि कोणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले तर तिला फरक दिसत नाही. म्हणून दोन्ही उपकरणे हवीत. एसी चालू केल्यावर वारंवार पडते म्हणून १६ ची एमसीबी काढून ३२ ची बसवणे, हा तर दुरुस्तीच्या नावाखाली वायरीचे संरक्षण काढून घेण्याचाच प्रकार आहे.

याहून खोल रुजलेला समज टायरविषयी आहे. गाडी रबरावर उभी आहे, तेव्हा शॉक बसणार नाही, असे अनेकांना मनापासून वाटते; प्रत्यक्षात रबरामुळेच धोका लपून राहतो. गाडीतील एखाद्या वायरीचे आवरण घासून फेज पत्र्याला लागला आणि अर्थिंग नसले, तर टायर त्या विजेला जमिनीत उतरू देत नाहीत आणि संपूर्ण पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो. आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही, कारण त्यांच्याभोवतीचे सर्व धातू एकाच दाबावर असतात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून जो दाराच्या मुठीला हात लावतो, त्याच्या शरीरातून मात्र प्रवाह जमिनीत जातो. तो हात बहुधा लहान मुलाचा असतो किंवा पाणी भरायला आलेल्या घरच्या माणसाचा, म्हणून या एका मुद्द्यावर कोणतीही तडजोड स्वीकारता येत नाही.

त्यावर उपाय म्हणून गाडीशेजारी सळई ठोकली जाते आणि अर्थिंग झाले असे समाधान मानले जाते. अर्थिंग म्हणजे बिघाडाच्या वेळी प्रवाहाला जमिनीत जाण्यासाठी मिळणारा कमी रोधाचा मार्ग. तापीकाठची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगसाठी पुरलेल्या नळीपासून सुटते आणि रोध अनेक पटींनी वाढतो. धुळ्याच्या बाजूला मुरूम आणि बेसॉल्टचा खडक वरच लागतो, तेथे नळी पुरेशी खोल जाणेच कठीण होते. हातभर सळईचा रोध १०० ओहम धरला, तर २३० व्होल्टला तिच्यातून जेमतेम २.३ अँपिअर जातील. १६ ची एमसीबी पडणार नाही आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब कायम राहील. त्याच १०० ओहमबरोबर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल, तर पत्र्यावरचा दाब ३ व्होल्टवर जाताच ती पडते. खान्देशातील कोरड्या जमिनीत आरसीसीबी ही चैन नसून अत्यावश्यक बाब का आहे, ते या हिशेबावरून स्पष्ट होते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये २३० व्होल्ट दाखवले म्हणजे अर्थिंग चांगले, हेही खरे नव्हे, कारण मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो आणि निकामी अर्थिंगवरही तोच आकडा दाखवू शकतो. खात्री हवी असेल तर परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी सोडावे. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडण्याचा जो जुगाड केला जातो, तो सर्वांत घातक होय: मागे कोठेही न्यूट्रल तुटला की चालू उपकरणांतून आलेला फेज थेट गाडीच्या पत्र्यावर उतरतो.

वीज गेल्यावरचा प्रश्न वेगळा आहे. घरातील इन्व्हर्टर सहसा ८०० ते ९०० व्हीएचा असल्याने त्याच्या वायरीवरील सॉकेटमधून कॅराव्हॅनचा एसी चालण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण उलट दिशेने, गाडीतील जनरेटर किंवा इन्व्हर्टरने घर उजळवण्यासाठी दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर वापरणे हा अपराधाइतका गंभीर निष्काळजीपणा आहे. अशा वायरीचे एक टोक सॉकेटमध्ये जाताच दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना जिवंत होतात, आणि मेन स्विच चालू राहिला तर वीज मीटरमागे रस्त्यावरच्या तारांत शिरून, त्या मृत समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या कर्मचाऱ्याचा जीव घेऊ शकते.

जोडणीचा क्रमही याच तत्त्वावर ठरतो. प्रथम आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून ती पडते याची खात्री करावी, सॉकेटचा स्विच बंद ठेवावा, गाडीतील सर्व उपकरणे बंद करावीत, वायरीचे गाडीकडील टोक आधी जोडावे, नंतर घराकडील प्लग बसवावा आणि शेवटी स्विच चालू करून उपकरणे एकेक करून सुरू करावीत. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. तो कोमट असेल तर भार कमी करावा, हात टिकत नसेल तर मेन स्विच बंद करून मगच प्लग काढावा. निघताना हाच क्रम उलटा: उपकरणे बंद, स्विच बंद, घराकडील प्लग आधी आणि गाडीकडील टोक नंतर.