ताप गेला, पण चेहऱ्याची एकच बाजू दुखतेय? बुरशी, शुगर आणि स्टेरॉइडचं नातं समजून घ्या

२०२१ च्या मे महिन्यात खेड्यापाड्यांत एक नवाच शब्द घरोघरी पोहोचला: म्युकरमायकोसिस. कोरोनातून बरा होऊन घरी आलेला माणूस काही दिवसांनी डोळा सुजला म्हणून पुन्हा दवाखान्यात जायचा आणि डॉक्टर थेट ऑपरेशनचं सांगायचे. कुणाचा वरचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते. त्याच महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं, की साथरोग कायद्याखाली प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची करा.

लाट ओसरली आणि विषय मागे पडला. बुरशी मात्र कुठे गेलेली नाही. ती कोरोनासोबत आलीच नव्हती.

ती आपल्या मातीतच आहे. शेणखतात, उकिरड्यात, सडलेल्या भाजीपाल्यात, बुरसलेल्या पावावर. तिचे बीजाणू रोज आपल्या नाकात जातात आणि धडधाकट माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना तिथंच संपवतात. द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. भुरी शिवारात असतेच, मानवणारं हवामान आलं की बाग धरते.

माणसाच्या अंगात तसं हवामान तयार करते ती मुख्यतः वाढलेली शुगर. शुगर फार वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. ती आणखी हाताबाहेर गेली तर रक्तात आम्ल साचतं, रक्तातलं लोह मोकळं होतं आणि या बुरशीला नेमकं लोहच लागतं. त्यात व्हायरसने नाका-फुप्फुसाचं आतलं अस्तर आधीच सोललेलं असतं. आणि वरून स्टेरॉइड. ते प्रतिकारशक्तीही दाबतं आणि शुगरही वाढवतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बुरशीचंच काम सोपं.

भारतातल्या १६ रुग्णालयांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधल्या म्युकरच्या २८७ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १८७ जणांना कोरोना झालेला होता आणि सगळ्यात जास्त आढळलेला जुना आजार होता आटोक्यात नसलेला मधुमेह.

मग स्टेरॉइड वाईटच का? तसं नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजनचीच गरज नव्हती, त्यांना काहीच फायदा दिसला नाही. डोसही ठरलेला होता, रोज ६ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त १० दिवस. आपल्याकडे नेमकं इथंच चुकलं. साध्या तापात पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या, एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरली, 'गुण येतोय' म्हणून मेडिकलवरून तीच गोळी परत आणली. आजही सर्दी-खोकल्यात हे सर्रास चालतं. स्टेरॉइड घेतलं की एक-दोन दिवसांत बरं वाटतं हे खरं, पण शुगर वाढलेली कळत नाही.

घरोघरी होणारी आणखी एक गोष्ट. ताप आला, जेवण जात नाही, म्हणून शुगरची गोळी परस्पर बंद. खरं तर मोठ्या आजारपणात कमी खाऊनही शुगर चढते. गोळी चालू ठेवायची की बदलायची हे डॉक्टरांना विचारा. ज्यांना मधुमेह 'नाही', त्यांनीही तपासून घ्यावं. स्टेरॉइडने लपलेला मधुमेह उघडा पडतो आणि तिशीच्या पुढच्यांची तपासणी उपकेंद्रात मोफत होते.

आता लक्षणं. चेहऱ्याची एकच बाजू दुखणं, सुजणं किंवा बधिर होणं. एकच नाकपुडी चोंदणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ पाणी येणं. वरचे दात अचानक हलू लागणं, टाळूवर काळा डाग, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणं. दात हलतो म्हणून अनेकजण आधी दात काढायला जातात आणि त्यात आठवडा जातो. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, त्यामुळे पुढचं मांस मरून काळं पडतं. 'काळी बुरशी' हे नाव त्यावरून पडलं, बुरशी स्वतः काळी नसते. नंतर पांढरी, पिवळी अशी नावंही फिरली. रंगांवरून नावं दिली तर गोंधळच होतो, असं एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी त्याच वेळी सांगितलं होतं.

मेलेल्या मांसापर्यंत रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. त्यामुळे ते कापून काढावं लागतं आणि सोबत इंजेक्शनं चालतात. या इंजेक्शनने किडनीवर ताण येतो, म्हणून वरचेवर रक्त तपासतात. तो जास्तीचा खर्च समजून टाळू नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवायची काही गरज नाही.

हे फक्त कोरोनाचं दुखणं आहे असंही नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये फ्लू होऊन आयसीयूत गेलेल्या ४३२ रुग्णांपैकी ८३ जणांच्या फुप्फुसात ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी सापडली होती. म्हणून फ्लू गंभीर झालेला रुग्ण सुधारता सुधारता पुन्हा धापा टाकू लागला, थुंकीत रक्त आलं, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून घरी ठेवू नये.

आजारातून उठलेल्या माणसाने, त्यातून मधुमेह असेल तर, काही आठवडे उकिरडा उपसणं, शेणखत पांगवणं दुसऱ्यावर सोपवावं. करावंच लागलं तर तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि पायात बूट हवेत. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर त्याच्या बाटलीत नळाचं किंवा बोअरचं पाणी भरू नका, निर्जंतुक पाणीच भरा.

वर सांगितलेलं एखादं लक्षण दिसलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. ते दुर्बिणीने नाकात बघतात, तुकडा काढून तपासतात आणि गरजेप्रमाणे सीटी किंवा एमआरआय करतात. जाताना आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा, म्हणजे स्टेरॉइड किती दिवस पोटात गेलं ते डॉक्टरांना कळेल. राज्य सरकारने २०२१ मध्ये म्युकरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतले होते. त्यामुळे योजनेतल्या रुग्णालयात भरती होतानाच आरोग्यमित्राला भेटा, आणि रेशनकार्ड, आधारकार्ड जवळ ठेवा.