चारित्र्य पडताळणी
एखाद्या व्यक्तीविरुद्ध फौजदारी गुन्हा नोंदलेला, प्रलंबित वा सिद्ध झालेला आहे काय, याची चौकशी. आटपाडीच्या (जि. सांगली) रहिवाशाच्या बाबतीत स्थानिक पोलीस ठाणे नोंदी तपासते व दाखला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून मिळतो. न्यायालयीन खटल्यांचा शोध मात्र, गोपनीय प्रकरणे वगळता, कोणासही ई-न्यायालय सेवेवर पक्षकाराचे नाव व वर्ष देऊन घेता येतो. नामसादृश्यामुळे निरपराध माणूस गोवला जाण्याचा संभव असतो. म्हणून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल पाहणे इष्ट. आरोपाची नोंद ही दोषसिद्धी नव्हे. दोषसिद्धीनेही माणसाची वाट बंद होतेच असे नाही : आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसविलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीत शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले.