गरम पाण्याची धार बारीक का होते?

मंडळी, आज आपण येलदरीत बसलोय, तेव्हा सुरुवात धरणापासूनच करू. पूर्णेवरच्या या धरणाच्या पायथ्याला 22.5 मेगावॅटचं वीजघर आहे. तिथलं चक्र फिरतं ते पाण्याच्या उंचीवर. गच्चीवरची टाकी तेच काम करते, फक्त लहान प्रमाणात. दहा मीटर उंच पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतो. एकमजली घरात टाकीतलं पाणी शॉवरच्या वर असतं जेमतेम दोन मीटर, म्हणजे दाब पाव किलोसुद्धा नाही. एवढ्याशा दाबाला वाटेत जरा अडथळा आला की धार पडते.

आता नेहमीची तक्रार घ्या. थंड पाणी धो धो येतं, गरम मात्र करंगळीएवढं. लगेच पुढचा प्रश्न, प्रेशर पंप कुठला घेऊ? अहो, थांबा. दोन्ही पाणी येतं एकाच टाकीतून. थंड नीट येतंय म्हणजे उंची पुरेशी आहे. दोष असणार तो गिझरकडे जाणाऱ्या फाट्यापासून गरम नळाच्या तोंडापर्यंत कुठंतरी.

आम्हीही घरी हीच चूक केली होती. पंप बसवला, तोही फक्त थंडच्या लाइनीवर. मिक्सरमध्ये थंड पाणी इतका जोर करू लागलं की गरम येईचना. शेवटी सापडलं काय? गिझरखालचा अँगल कॉक अर्धाच उघडा होता.

म्हणून आधी दहा लिटरची बादली घ्या आणि घड्याळ. एकाच नळातून थंड पाण्याने किती सेकंदांत भरते, गरमने किती, ते लिहून ठेवा. मग घरातले बाकीचे गरम नळ उघडून बघा. एकाच ठिकाणी बारीक येत असेल तर गिझरला हात लावू नका. नळाच्या तोंडची जाळी, शॉवर किंवा त्या नळाचा आतला भाग तुंबलाय. सगळीकडेच बारीक असेल तर गिझरच्या आतल्या बाजूचा कॉक, तिथला एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, आणि गरम पाणी बाहेर नेणारी नळी, या क्रमाने बघत जा.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी त्या शेवटच्या नळीवर विशेष लक्ष ठेवायचं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियमच्या क्षाराचं उलटं आहे. पाणी तापलं की तो बाहेर पडतो आणि चिकटून बसतो. म्हणून थंड लाइन वर्षानुवर्षं साफ राहते, गरम लाइन भरते. जुना जस्ती पाइप असेल तर गंजाची भर. आतला व्यास निम्मा झाला की वाट चौथाईवर येते, आणि पाणी त्याहूनही कमी.

उघडण्याआधी गिझरचा एमसीबी खाली, टाकी गार होऊ द्या. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून काहीजण तिथे बूच मारतात. हे कधीच करू नका! थर्मोस्टॅट बिघडला आणि पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे 1,600 पट जागा मागते. तो दाब जायची वाट म्हणजे तो व्हॉल्व्ह.

सोलरवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे बऱ्याचदा गरम टाकीच थंड टाकीच्या बरोबरीला मांडलेली असते, मग पाणी ढकलणार कोण? साध्या, बिनदाबाच्या सोलरमध्ये थंड टाकीचा तळ गरम टाकीच्या वर हवा. हवेची उभी नळी थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच हवी, नाहीतर तिच्यातून पाणी सांडत राहील.

आणि शॉवरची जाळी पांढरी झाली असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून रात्रभर भिजवा. संडास धुवायचं ॲसिड गिझरमध्ये ओतायचं नाही; क्षारासोबत टाकीही खाईल.