सशाच्या दाढेचे गळू : शस्त्रक्रिया दवाखान्यात, कसोटी घरात

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांची ओळख जनावरांच्या जगात लाल कंधारी आणि देवणी या गोवंशामुळे आहे. येथील पशुवैद्यकांचा दिवस बैल, गाय, म्हैस आणि शेळी यांच्यातच जातो. अलीकडे मात्र शहरांतील घराघरांत, विशेषतः मुलांच्या हट्टापायी, पांढराशुभ्र ससा येऊन बसला आहे. तो आणणे सोपे असते. पण तो आजारी पडला की घरातील मंडळी गोंधळून जातात. सशाच्या दुखण्यांपैकी सर्वांत चिवट दुखणे म्हणजे दाढेच्या मुळाशी होणारे गळू. त्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी अर्धेच काम झालेले असते. पुढील काही आठवडे घरातील माणसे काय करतात, यावर त्या मुक्या जिवाचे जगणे-मरणे अवलंबून असते.

गळू होते कसे?

सशाला एकूण 28 दात असतात आणि ते सारे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. गवतासारखा चिवट, तंतुमय चारा तासन्‌तास चघळल्यानेच ते झिजून योग्य मापाचे राहतात. आपल्याकडे मात्र पाळीव सशाला गाजर, काकडी, चपाती, बिस्किटे आणि भिजवलेले हरभरे घातले जातात. या मऊ खाण्याने दाढा झिजत नाहीत. त्या वरच्या बाजूने वेड्यावाकड्या वाढून जीभ व गाल कापतात आणि खालच्या बाजूने मुळे जबड्याच्या हाडात रुतत जातात. तेथे जंतूंचा शिरकाव झाला की पू साचतो. घरात कोंडलेल्या सशाला ऊन मिळत नाही, आहारात कॅल्शियम कमी पडते आणि जबड्याचे हाड ठिसूळ होते, हेही एक कारण मानले जाते. कधी गवताचे कुसळ हिरडीत घुसूनही गळवाची सुरुवात होते.

सशाचा पू माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पूसारखा वाहता नसतो. तो घट्ट, चक्क्यासारखा असतो आणि त्याभोवती जाड आवरण तयार होते. त्यामुळे सुईने तो ओढून काढता येत नाही, नुसती चीर देऊन वाहून जात नाही आणि रक्तातून येणारे औषधही आत पोहोचत नाही. म्हणूनच आवरणासह गळू काढणे, दोषी दाढ उपटणे आणि सडलेले हाड खरवडणे असा मोठा उपचार करावा लागतो. बऱ्याचदा पशुवैद्यक जखम पूर्ण शिवत नाहीत. तिच्या कडा कातडीला टाचून ती मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे आतून मांस भरत येईपर्यंत रोज धुता येते. जबड्याखालचे ते उघडे भोक पाहून घाबरू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

पहिले चोवीस तास

सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याला माणसासारखे रात्रभर उपाशी ठेवत नाहीत आणि नंतरही उपाशी राहू देत नाहीत. वेदना, भीती आणि उपवास यांमुळे आतड्याची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो, वेदना आणखी वाढते आणि ससा खाणे अधिकच टाळतो. हे दुष्टचक्र वेळीच तोडले नाही तर एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. शस्त्रक्रिया झालेले अनेक ससे जखमेने नव्हे, तर या आतडे थांबण्याने दगावतात. दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजून पशुवैद्यकांना कळवावे. ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणू नये.

भूल उतरताना सशाचे अंग थंड पडू शकते. सशाचे सामान्य तापमान साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस असते. घरी आणल्यावर कान बर्फासारखे लागत असतील, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी; मात्र तिच्यापासून दूर सरकण्यास जागा असावी. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा घालू नये, तो जखमेला चिकटतो. स्वच्छ सुती कापड अंथरावे आणि दिवसातून दोनदा बदलावे. त्याच्या सोबतीचा शांत ससा असेल, तर पशुवैद्यकांच्या संमतीने त्याला जवळ ठेवावे. सोबतीने ससा लवकर खाऊ लागतो.

भरवावे कसे?

जबडा दुखत असताना गवत चघळता येत नाही. अशा वेळी सिरिंजने पातळ आहार द्यावा लागतो. आजारी सशांसाठीचे तयार चूर्ण मोठ्या शहरांतून मागवता येते. ते नसल्यास सशाचे गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमध्ये बारीक करून, थोडी वाटलेली कोथिंबीर मिसळून पेजेइतके सैल करावे. साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 50 मिलिलिटरचे प्रमाण धरतात. म्हणजे दोन किलोच्या सशाला सुमारे 100 मिलिलिटर, तेही चार-पाच वेळांत विभागून. नेमके प्रमाण पशुवैद्यकांनीच ठरवावे.

सशाला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून चार पायांवर बसते ठेवावे. त्याला पाठीवर उताणे कधीही करू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सिरिंज समोरून न घालता, पटाशीच्या दातांमागील मोकळ्या फटीत, जखमेच्या विरुद्ध बाजूने सरकवावी. एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर सोडावे, ससा चावून गिळेपर्यंत थांबावे आणि मगच पुढचा घोट द्यावा. दूध, भात, ब्रेड, साखर, गूळ यांपैकी काहीही ‘ताकद येण्यासाठी’ देऊ नये. पिष्ट आणि गोड पदार्थांनी आतड्यातील उपयुक्त जंतूंचे संतुलन बिघडते.

सिरिंजच्या जोडीला पिंजऱ्यात चारा सतत ठेवावा, म्हणजे इच्छा होताच तोंड लावता येईल. धुतलेली कोवळी हरळी, कोथिंबीर, पुदिना आणि थोडी मेथी बारीक चिरून द्यावी. बाजारातील भाजीवर फवारणी झालेली असते, म्हणून ती भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवावी. मराठवाड्यात सहज मिळणारी लसूणघास चविष्ट असल्याने रुग्ण सशाला खाण्यास प्रवृत्त करते; परंतु तिच्यात कॅल्शियम व प्रथिने जास्त असल्याने प्रौढ सशाचा तो कायमचा चारा होऊ शकत नाही. पावसाने ताण दिलेली कोवळी हिरवी ज्वारी गुरांना विषारी ठरते, हे शेतकरी जाणतातच; ती सशालाही घालू नये. सोयाबीन वा तुरीच्या भुसकटातील टोकदार तुकडे ताज्या जखमेत रुतू शकतात, तेही टाळावे.

जखमेची निगा

उघडी ठेवलेली जखम सांगितल्याप्रमाणे दिवसातून एक-दोनदा धुवावी. हात साबणाने धुऊन, सलाइन किंवा पोव्हिडोन आयोडिनचे फिक्या चहाच्या रंगाइतके सौम्य केलेले द्रावण सुई नसलेल्या सिरिंजने हलकेच सोडावे. दाढ काढलेली पोकळी तोंडात उघडत असेल, तर धुण्याची पद्धत पशुवैद्यकांकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावी. नाही तर द्रावण घशात जाते. दिसणारा पांढरा, घट्ट पू अलगद काढावा, मात्र खोलवर टोकरू नये. जखम बाहेरून लवकर मिटली तर आनंद मानू नये. वरचे तोंड मिटून आत पू साचणे म्हणजे दुखणे पुन्हा पहिल्या पायरीवर येणे होय.

आपल्या भागात माश्यांपासून विशेष जपावे लागते. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या पडू शकतात. पिंजऱ्याला बारीक जाळी लावावी, ओले कापड लगेच बदलावे, सकाळ-संध्याकाळ जखम व शेपटीखालचा भाग पाहावा. गुरांच्या जखमेतील किडे मारण्यासाठी वापरले जाणारे टर्पेंटाइन, फिनाइल किंवा फवारे सशाला लावू नयेत. तो अंग चाटतो आणि औषध पोटात जाते. पिसवांवरील फिप्रोनिल हे कुत्र्यांचे औषध तर सशाला घातक आहे. अळ्या दिसल्या तर थेट दवाखाना गाठावा.

गळ्यात प्लास्टिकची चकती अडकवणे सशाच्या बाबतीत शक्यतो टाळतात. ससा आपली मऊ लेंडी पुन्हा खातो; त्यातून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. चकतीमुळे हे बंद होते आणि तो खाणेही सोडतो.

औषधे : येथे चूक परवडत नाही

घरातील माणसांसाठी आणलेली अॅमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिनची उरलेली गोळी सशाला देणे म्हणजे विष देण्यासारखेच आहे. पेनिसिलिन गटातील औषधे, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील हितकारक जंतू मरतात, घातक जंतू बळावतात आणि जीवघेणा अतिसार होतो. पेनिसिलिन काही वेळा इंजेक्शनने दिले जाते, पण तो निर्णय पशुवैद्यकांचा. सशासाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम, मेट्रोनिडॅझोल यांसारखी औषधे बहुधा वापरतात. गळवाच्या बाबतीत ती अनेक आठवडे चालतात. सूज उतरली म्हणून मध्येच बंद करू नयेत.

वेदनाशामक औषध ही चैन नसून उपचाराचा कणा आहे, कारण वेदना थांबल्याशिवाय ससा खात नाही. यासाठी मेलॉक्सिकॅम सर्रास वापरले जाते. गिधाडांच्या नाशाला कारणीभूत ठरल्याने भारतात 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तेव्हा पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅमचाच पुरस्कार झाला. त्यामुळे गुरांचे हे औषध तालुक्याच्या गावीही मिळते. परंतु बैलासाठीच्या बाटलीतून अंदाजाने थेंब काढून सशाला देऊ नयेत. अंगातील पाणी कमी झालेल्या सशाच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. मात्रा रोजच्या वजनावरून ठरते.

उन्हाळ्याचे संकट

नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. सशाला घाम येत नाही. तो प्रामुख्याने कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तीसच्या वर तापमान गेले की निरोगी ससाही हैराण होतो, मग रुग्णाची काय कथा! पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवावा. शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून, पुसून बसायला द्यावा. बाटली गोठवून कापडात गुंडाळून बाजूस ठेवावी. खिडकीला ओला पडदा लावावा, पण वाऱ्याचा थेट झोत जखमेवर येऊ देऊ नये. नळीच्या बाटलीपेक्षा जड, उथळ वाडग्यातून पाणी पिणे दुखऱ्या जबड्याला सोपे जाते. तपासणीसाठीचा प्रवास पहाटे किंवा रात्री करावा.

रोजची नोंदवही

ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता वहीत नोंद करावी. रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन, दिलेला आहार, औषधाची वेळ आणि लेंड्यांची संख्या व आकार लिहावा. दोन किलोच्या सशाचे वजन 100 ग्रॅमने घटले म्हणजे वीसावा हिस्सा गेला. पुढच्या घसरणीची वाट पाहू नये. लेंड्या लहान, कोरड्या होणे, पोट फुगणे, कुबड काढून एका कोपऱ्यात बसणे, जोरात दात खाणे, सतत लाळ गळणे, जखमेला घाण वास येणे, डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, श्वास तोंडाने घेणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब करू नये.

उपचार कोठे आणि कुठवर?

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये उदगीर आणि परभणी येथे आहेत. म्हणजे लातूरकर आणि नांदेडकर या दोघांनाही शिक्षित शल्यचिकित्सक व क्ष-किरण तपासणीची चौकशी करण्यास जवळचे ठिकाण आहे. जाण्यापूर्वी सशाच्या दातांवर उपचार होतात का, हे दूरध्वनीवरून विचारावे. गरज पडल्यास पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथील लहान प्राण्यांच्या तज्ज्ञांचा सल्ला स्थानिक पशुवैद्यकांमार्फत घेता येतो.

या दुखण्यात गळू पुन्हा उद्भवण्याची शक्यता बरीच असते, हे आधीच समजून घ्यावे. एक दाढ काढली की समोरची दाढ झिजेनाशी होते आणि तिला ठरावीक काळाने घासावे लागते. हे काम पशुवैद्यकांचेच. घरी नखे कापायच्या यंत्राने दात तोडल्यास ते उभे चिरतात आणि मुळाशी पुन्हा पू होतो. हाड फारच सडले असेल, वेदना कशानेच आवरत नसेल आणि ससा खाणे सोडून बसला असेल, तर त्याचे हाल थांबविण्याचा पर्यायही पशुवैद्यकांशी मोकळेपणाने बोलावा. त्यात निर्दयता नाही.

बहुतेक घरांत मात्र प्रश्न वेगळाच असतो. ससा ज्या मुलांच्या हट्टापायी घरात येतो, त्यांना शाळा असते आणि दिवसाची पाच भरवणी घरातील बाईच्या अंगावर पडतात. शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वीच पुढील महिनाभराच्या कामाची वाटणी कुटुंबाने करून घ्यावी. वजन व लेंड्यांची नोंद दहा-बारा वर्षांचे मूलही उत्तम ठेवू शकते. आणि ससा बरा झाल्यावर त्याच्या पुढ्यात दिवसरात्र गवत राहील, याची व्यवस्था करावी. योग्य निगा राखलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. गवताच्या एका पेंढीने जे साधते, ते नंतर शस्त्रानेही पुरते साधत नाही.